नंबर नका बघू, शेजारी काय आहे ते बघा : विमानातल्या सीटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की विमानात कुठे बसायचं यावर प्रश्न पाठवा, तर इतके आले की सगळे घेता येणार नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत. मी अकरा वर्षं चेक-इन काउंटरवर उभी होते. रोज शंभर जण तरी विचारायचे, "चांगली सीट द्या हं". पण चांगली म्हणजे काय हे सांगायचे फार थोडे, आणि तिथेच सगळं अडतं. सहा फुटी माणसाला जी सीट चांगली तीच तान्ह्या बाळाच्या आईला देताच येत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय नीट वाकत नाही. नऊ तासांचा प्रवास आहे. सगळे म्हणतात पहिल्या रांगेत बसवा, समोर मोकळी जागा असते. बरोबर आहे का?

थांबा, लगेच बुक करू नका. पहिली रांग म्हणजे जिच्यासमोर भिंत असते ती, बल्कहेड म्हणतात तिला. तिथे जागा मोकळी दिसते खरी पण भिंत ती भिंतच, पाय सरळ पसरला की अंगठा भिंतीला टेकतो. साध्या रांगेत पाय निदान पुढच्या सीटखाली तरी सरकवता येतो, इथे तेही नाही. शिवाय या रांगेत जेवणाचा ट्रे हात टेकवायच्या हँडलमध्ये घडी करून ठेवलेला असतो, त्यामुळे हँडल वर होत नाही, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला सीटमध्ये शिरताना आणि उठताना नेमकं ते हँडलच आडवं येतं. पर्सही जवळ ठेवता येत नाही, टेकऑफ आणि लँडिंगला सगळं वर टाकावं लागतं. औषधं वर राहिली की दरवेळी कोणाला तरी उठवा.

तुमच्या आईला आईल सीट, म्हणजे मधल्या वाटेला लागून असलेली सीट हवी, आणि तीही कुठल्या बाजूची ते बघून घ्या, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. तीन-तीन सीटच्या विमानात ए, बी, सी डावीकडे आणि डी, ई, एफ उजवीकडे. सी वर बसलं की मधली वाट आपल्या उजव्या हाताला येते आणि डी वर बसलं की डाव्या हाताला. आईचा डावा पाय वाकत नाही, म्हणजे डी. अधूनमधून पाय वाटेत लांब करता येईल, फक्त ट्रॉली येते तेव्हा आत घ्यायला सांगा, ती जड असते आणि ढकलणाऱ्याला खालचं दिसत नाही. नऊ तासांचा प्रवास म्हणजे बहुतेक मोठं, दोन वाटांचं विमान असेल, तिथे अक्षरं बदलतात. तेव्हा सीट मॅप उघडा, विमानाचं नाक वर आहे असं धरून चित्राकडे बघा आणि आईच्या डाव्या हाताला वाट येते का एवढंच तपासा.

अजून एक. आईल सीटचं वाटेकडचं हँडल वर होत नाही असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. बऱ्याच विमानांत ते होतं! हँडलच्या मागच्या टोकाला, बिजागरीपाशी खालून बोटं फिरवली की एक छोटा खटका किंवा बटण लागतं, ते दाबलं की हँडल उचलतं. व्हीलचेअरवरून सीटवर सरकायला किंवा गुडघा न वाकवता बाहेर यायला याचा इतका उपयोग होतो की मी काउंटरवर प्रत्येक आजी-आजोबांच्या मुलांना हे सांगायचे. सापडलं नाही तर क्रूला विचारा, ते दाखवतात.

टॉयलेटपासून तीन-चार रांगा दूर बसवा, अगदी शेजारी नको. शेजारी म्हणजे रात्रभर दाराची खडखड, दिव्याचा झोत, आणि रांगेत उभे राहिलेले लोक आईच्या सीटला धरून उभे. आणि व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी विमानतळावर सांगितलं तरी मिळते पण थांबावं लागतं.

दर दोन तासांनी उठवून चालायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यावरच्या संशोधनाचे निष्कर्ष दिले होते, चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो लहान असतो, निरोगी माणसात सहा हजारांत एक, पण ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हिशोब वेगळा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नका. विंडोला बसणाऱ्यांना हा धोका जास्त दिसतो कारण ते उठतच नाहीत, शेजारच्याला कशाला त्रास म्हणून. गरोदर बायकांनाही मी त्यासाठीच आईल सांगते, दोन-तीन जणींनी विचारलं होतं, त्यांना हेच उत्तर.

प्रश्न : ११ए ही सगळ्यात सुरक्षित सीट आहे का? आमच्या घरी आता सगळ्यांना तीच हवीये.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि का विचारलाय ते मला कळतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जो अपघात झाला त्यात विमानातल्या २४२ जणांपैकी एकच माणूस वाचला आणि तो ११ए वर होता. ती बातमी वाचून माझ्याही पोटात कालवलं होतं, ती सीट आपण घ्यावी असं मनात येणं अगदी साहजिक आहे.

पण ११ए हा नुसता नंबर आहे हो. त्या बोइंग ७८७ मध्ये ११ए च्या शेजारी इमर्जन्सी दरवाजा होता. दुसऱ्या विमानात ११ए पंखावर येईल, तिसऱ्यात पंखाच्या पुढे, आणि बोइंग ७३७ च्या काही विमानांत तर ११ए ला धड खिडकीसुद्धा नसते कारण भिंतीतून एसीचा पाइप गेलेला असतो. नंबर तोच, पण आजूबाजूचं सगळं वेगळं.

मग मागे बसावं का, असंही विचारलंय. एका अमेरिकन मासिकाने २००७ मध्ये १९७१ पासूनच्या २० अपघातांचा हिशोब मांडला होता, त्यात मागच्या भागातले ६९ टक्के वाचले होते, पंखाच्या आसपासचे ५६ टक्के आणि सगळ्यात पुढचे ४९ टक्के. हे आकडे वाचून लोक मागे पळतात. पण ऑगस्ट १९८५ बघा. १२ तारखेला जपानमध्ये जंबो जेट डोंगरावर आदळलं, ५२० माणसं गेली, चार वाचले आणि चौघंही मागच्या रांगांतले. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी मँचेस्टरला एक विमान धावपट्टीवरच पेटलं, आग डाव्या इंजिनातून मागच्या भागात शिरली, ५५ जण गेले आणि त्यातले बहुतेक मागे बसलेले होते, ते आदळून नाही तर धुराने गेले. आता सांगा, पुढे की मागे? अपघात कसा होईल हे आधी माहीत असतं तर सीट सांगता आली असती.

एक गोष्ट मात्र खूप अपघातांत सारखी दिसते, ती म्हणजे दार किती जवळ आहे. ग्रीनिच विद्यापीठात शंभराहून जास्त अपघातांतून वाचलेल्या लोकांच्या जबान्यांवर अभ्यास झाला, त्यात दारापासून पाच रांगांच्या आत बसलेल्यांना, विशेषतः आग लागली तेव्हा, बाहेर पडायची संधी जास्त होती. म्हणून मी स्वतः काय करते ते सांगते. बसल्या बसल्या पुढचं दार किती रांगांवर आणि मागचं किती रांगांवर ते मोजते, आणि मोजताना सीटच्या पाठींना खरंच हात लावते, कारण धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, हातानेच मोजत जावं लागतं. दोन दारं मोजायची, एक नाही, जवळचं दार उघडेलच असं नसतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जे एअरबस ए३५० जळालं त्याच्या आठ दारांपैकी तीनच वापरता आली, तरी ३७९ च्या ३७९ माणसं जिवंत बाहेर आली, क्रूचं ऐकलं आणि बॅगा मागे सोडल्या म्हणून. कृपा करून हे लक्षात ठेवा, बॅग सोडायची. तुम्ही वरचा कप्पा उघडत उभे राहिलात तर तुमच्या मागचा माणूस अडकतो.

प्रश्न : मी सहा फूट दोन इंच आहे. एक्झिट रो, म्हणजे इमर्जन्सी दाराशेजारची रांग, घ्यावी का?

घ्या, पण तिथे जादा पाय पसरता येतात म्हणून ती सीट दिलेली नसते, तुम्ही दार उघडाल या भरवशावर दिलेली असते. म्हणून लहान मुलं, बाळ मांडीवर असलेले, ज्यांना सीट बेल्टचं एक्स्टेन्शन लागतं असे प्रवासी, सूचनेची भाषा न कळणारे, यांना तिथे बसवत नाहीत, मग त्यांनी पैसे भरलेले असोत किंवा नसोत. क्रू येऊन विचारतात तेव्हा कानातलं काढून ऐका. माझं फार मनापासून सांगणं आहे की ते दार कसं उघडतं ते कार्डवर वाचूनच घ्या, काही विमानांत ते वर उचललं जातं आणि काहींत पूर्ण सुटून हातात येतं, आणि ते चांगलं जड असतं.

काही विमानांत पंखावर एकामागे एक अशा दोन एक्झिट रांगा असतात. त्यातल्या पुढच्या रांगेची पाठ मागे रेलत नाही कारण मागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची असते. म्हणजे दोन्ही हवं असेल, पाय आणि पाठ, तर दुसरी रांग. दाराशेजारी गारवाही जास्त लागतो, जॅकेट जवळ ठेवा.

प्रश्न : सात महिन्यांचं बाळ घेऊन एकटीच जाणार आहे. खूप टेन्शन आलंय. कुठे बसू?

टेन्शन येणारच, एकटीने नेणं सोपं नाही. तुमच्यासाठी मात्र ती भिंतीची रांग खरंच उपयोगाची, कारण मोठ्या विमानात बाळाचा पाळणा, बॅसिनेट, त्या भिंतीलाच अडकवतात. तो मोजकाच असतो, तेव्हा तिकीट काढल्या दिवशीच कंपनीला फोन करून मागा आणि वजनाची मर्यादा विचारा, साधारण दहा किलोच्या आसपास असते पण प्रत्येकाची वेगळी. आणि एक मनाशी धरून चला, सीट बेल्टची खूण लागली की बाळाला पाळण्यातून काढून कुशीत घ्यावं लागतं, झोपलेलं असलं तरी. छोट्या विमानात बऱ्याचदा पाळणा नसतोच, मग भिंतीच्या रांगेचा हट्ट धरू नका, साधी विंडो घ्या, दूध पाजायला आडोसा मिळतो आणि बाळाचे हातपाय ट्रॉलीच्या वाटेत येत नाहीत.

तुमची मैत्रीणही बाळ घेऊन तुमच्या शेजारी बसणार असेल तर ते होणार नाही, आणि त्यात काउंटरवरच्या माणसाचा दोष नसतो. वरून पडणारे ऑक्सिजन मास्क मोजकेच असतात, तीन सीटच्या गटाला साधारण चार, काही विमानांत तर ज्यादा मास्क एकाच बाजूला. म्हणजे एका गटात मांडीवरचं बाळ एकच. हे न सांगता नुसतं "नियम आहे" म्हणून आयांना वेगवेगळं बसवलेलं मी पाहिलंय आणि त्यांचा राग मला पटायचा, कारण सांगितलं असतं तर कुठल्याच आईने वाद घातला नसता.

प्रश्न : विमान हललं की माझा जीव घाबरा होतो, हात घामाने भिजतात. कुठे कमी हलतं?

पंखावर. विमानाचं वजन जिथे तोललेलं असतं तो बिंदू पंखाच्या जवळ असतो, नाक वर जातं तेव्हा शेपूट खाली येते आणि मधला भाग त्यातल्या त्यात जागेवर राहतो, सी-सॉच्या मधोमध बसल्यासारखं. शेवटच्या रांगा वर-खाली तर होतातच शिवाय आडव्याही हलतात, तिथे अजिबात बसू नका. जमलं तर सकाळचं विमान घ्या, उन्हाने जमीन तापली की वर येणारी गरम हवा दुपारी जास्त धक्के देते. आणि जेवढं मोठं विमान तेवढं कमी जाणवतं.

खिडकीतून पंख वाकताना दिसला तर घाबरू नका, तो वाकण्यासाठीच बनवलेला असतो. २०१० मध्ये बोइंग ७८७ च्या चाचणीत पंखाचं टोक सुमारे २५ फूट वर वाकवून बघितलं होतं, आणि तो मोडला नाही. हलणाऱ्या विमानात माणसं जखमी होतात ती बहुतेक बेल्ट न लावलेली असतात, तेव्हा खूण बंद झाली तरी बेल्ट सैलसर का होईना लावूनच ठेवा, झोपतानासुद्धा. मळमळ होणाऱ्यांनीही पंखावरचीच सीट घ्यावी, पण विंडो, आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी. मोबाइलमध्ये बघितलं की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतोय, त्या भांडणातून मळमळ होते.

प्रश्न : मला फक्त बाहेर बघायचं असतं. दरवेळी विंडो घेते आणि दरवेळी पंखच दिसतो!

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, मी पण त्याच जातीची. सीट मॅपवर पंख कुठे आहे ते बहुतेक दाखवलेलं असतं, त्याच्या बरंच पुढे बसा. मागे बसलात तरी पंख सुटतो पण इंजिनाची गरम हवा मधे येते आणि फोटो थरथरल्यासारखे, पाण्यातून काढल्यासारखे येतात. ज्या छोट्या पंख्याच्या विमानांचे पंख छताला असतात, एटीआर वगैरे, तिथे कुठूनही खालची जमीन दिसते, ती मला सगळ्यात आवडतात.

मग ऊन. उत्तर गोलार्धात दुपारचा सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे झुकलेला असतो, हिवाळ्यात तर फारच, तेव्हा पश्चिमेला जाताना डावीकडे ऊन आणि पूर्वेला जाताना उजवीकडे. फोटो काढायचे तर सावलीची बाजू, सूर्यास्त बघायचा असेल आणि विमान दक्षिणेला जात असेल तर उजवीकडे. उतरताना शहर कुठल्या बाजूला दिसेल हे मात्र पक्कं नसतं, विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं आणि वारा फिरला की धावपट्टीची दिशाच उलटी होते. कॅमेरा काचेला टेकवू नका, थरथर उतरते, बोटभर अंतर ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघं विंडो आणि आईल घेतो, मधली रिकामी राहावी म्हणून. हे बरोबर आहे का?

चुकीचं काही नाही, विमान भरलेलं नसेल तर मधली सीट सगळ्यात शेवटी जाते. पण कोणी आलं तर त्याला लगेच टोकाची सीट द्या, त्याला मधे बसवून त्याच्यावरून गप्पा मारू नका. आणि तो मधेच बसला तर दोन्ही हँडल त्याची, विंडोवाल्याला भिंत आहे आणि आईलवाल्याला वाट, त्या बिचाऱ्याला दुसरं काय आहे. काही मोठ्या विमानांत शेपटीकडे बॉडी निमुळती होते म्हणून शेवटच्या काही रांगांत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीट असतात, जोडप्यांनी त्या शोधाव्यात.

प्रश्न : कान फार दुखतात. पुढे बसलं तर कमी दुखतील का?

नाही, हवेचा दाब सगळ्या केबिनमध्ये सारखाच असतो. विमान खाली उतरायला लागलं की जागे राहा, झोपेत आपण कमी गिळतो, आणि घोट घोट पाणी प्या. बाळाला त्याच वेळी दूध द्या. सर्दी जोरात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रिकामी सीट दिसली की उठून तिथे बसलं तर चालतं ना?

विचारून. टेकऑफच्या आधी तर अजिबात आपल्या मनाने नाही, छोट्या विमानात कोण कुठे बसलंय यावरून वजनाचा तोल काढलेला असतो, चार-पाच जण उठून मागे गेले तरी फरक पडतो. दार बंद झालं की क्रूला विचारा, ते होय म्हणाले तर खुशाल जा.

प्रश्न : पुढचं विमान पकडायला फक्त तास आहे, पुढची सीट मिळाली तर सुटेन ना?

बहुतेक वेळा हो, दोनशे माणसं उतरायला पंधरा मिनिटं सहज जातात. पण आधी विमान कुठलं ते बघा, एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, तिथे पुढची सीट म्हणजे सगळ्यात शेवटी बाहेर. आणि सीटसोबत बॅगेचंही बघा, तुम्ही तिसऱ्या रांगेत आणि बॅग पंधराव्या रांगेच्या कप्प्यात असं झालं तर सगळी माणसं उतरेपर्यंत उलटं जाता येत नाही. वेळेत बोर्डिंग करा म्हणजे डोक्यावरचा कप्पा मिळेल, आणि नाहीच मिळाला तर बॅग पुढच्या कप्प्यात टाका, मागच्या नको.